भारत जिंकला त्या दिवशीच्या नऊ भाकरी

भारत कुठल्याही खेळात जिंकला की माझं डोकं फिरतं. सोसायटीतली पोरं फटाके लावतात, सून पेढे आणते, नातू गालाला रंग फासून घेतो, आणि मी उठून आतल्या खोलीत जाते. सुनेला वाटतं म्हातारीचं बीपी वाढलं. वाढतंच की! पण त्याचं कारण गोळीनं जाणारं नाही. माझं खेळाशी वैर नाही, उलट पंचाहत्तरच्या त्या एका वर्षात जगात कोण कशात जिंकलं ते मी आजही झोपेतून उठवलं तरी सांगेन. हॉकीचा विश्वचषक, जपानच्या बाईचं एव्हरेस्ट, क्रिकेटचा पहिलावहिला विश्वचषक, विम्बल्डन. शाळेत छत्तीस वर्षं शिकवलं, हजारो पोरींची नावं विसरले, पण ते वर्ष डोक्यातून गेलं नाही. एकदा लिहून टाकते, म्हणजे निदान घरातल्यांना कळेल की ही बाई फटाके वाजले की दार का लावून घेते.

आमचं गाव साखऱ्यापासून कोसभर. आज तिकडं हिंगोली जिल्हा म्हणतात, तेव्हा सगळं परभणीत होतं आणि आमच्यासाठी हिंगोली म्हणजेच दुनियेचं टोक. शिवारात आतासारखं सोयाबीन नव्हतं. हायब्रीड ज्वारी, तूर, कापूस. हायब्रीडची भाकर काळपट व्हायची आणि गार झाली की चामड्यासारखी. आई ती अंबाडीच्या भाजीत कुस्करून द्यायची, वर तिखटाचा गोळा आणि असलं तर गोडं तेल. आमचं घर गावाच्या उगवतीला, बौद्धवाड्यातलं तिसरं. दोन खोल्या, बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात पाण्याचा माठ. माठ ज्या लाकडी कड्यावर बसवलेला होता ते कडं माझ्या बापाच्या डफाचं होतं.

हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या घराकडं पिढ्यान् पिढ्या गावाची दवंडी होती. साहेब येणार, दवंडी. कुणाचं ढोर हरवलं, दवंडी. पाटलाच्या घरी बारसं, दवंडी. डफ वाजवत गल्लीगल्लीतून ओरडत जायचं, आणि त्याबद्दल दारोदारच्या बाया वरून भाकर टाकायच्या. हातात द्यायच्या नाहीत, टाकायच्या. ज्या वर्षी आमच्या लोकांनी दीक्षा घेतली त्या वर्षी बाबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, डफाचं कातडं कोयत्यानं फाडलं आणि चावडीवर जाऊन सांगितलं, आजपासून हे काम आमच्या घरात बंद. माझा जन्म त्यानंतरचा. कडं मात्र जाळलं नाही. आई म्हणाली, "लाकूड चांगलं हाय, त्येनं काय पाप केलं?" आणि त्यावर माठ ठेवला. बाबा पुढं बांधकाम खात्याच्या रस्त्यावर गँगमध्ये लागले. दिवसभर खडी फोडायचे, संध्याकाळी हातपाय धुऊन ओट्यावर बसायचे आणि मला विचारायचे, "मंग सुजाता, आज काय झालं गं जगात?"

जगाची बातमी माझ्याकडं असायची, कारण शाळेच्या फळ्यावर ती मी लिहायची. शाळेची बाहेरची भिंत चावडीसमोर होती आणि तिच्यावर मोठा काळा फळा रंगवलेला होता. वर सुविचार, खाली ठळक बातम्या: देश, विदेश, हवामान आणि शेवटी क्रीडा. आमचे देवळे गुरुजी सकाळी रेडिओ लावायचे, मी त्यांच्या पायरीवर बसून ऐकायची आणि खडूनं उतरवायची. माझं अक्षर मोत्यासारखं, हे मी नाही, गुरुजीच म्हणायचे. पायरीच्या वर कधी बोलावलं नाही ती गोष्ट वेगळी. आतून चहात घातलेल्या आल्याचा वास यायचा, रेडिओची खरखर यायची आणि कुठल्या कुठल्या देशांची नावं यायची. बाकीच्या बातम्या मी नुसत्या लिहायची, पण क्रीडा आलं की अंगात यायचं. खेळात एक बरं असतं, कोण जिंकलं ते स्पष्ट सांगतात. आमच्या गावात ते कधीच स्पष्ट नव्हतं.

मार्च महिन्यात हॉकीचा विश्वचषक चालला होता, तिकडं मलेशियात. भारत आणि पाकिस्तान शेवटच्या सामन्यात आले म्हटल्यावर गाव खुळं झालं. हॉकीची काठी गावात एकानंही पाहिली नव्हती, आम्हाला विटीदांडू माहीत. पण आबा पाटलांनी दुपारी आपला रेडिओ चावडीच्या कट्ट्यावर आणून ठेवला आणि कामं टाकून माणसं जमली. आमची माणसं नेहमीच्या जागी, लिंबाखाली, थोडं लांब. बाबांची त्या दिवशी सुट्टी होती, तेही होते. हिंदीतलं वर्णन इतकं जलद की कुणाला अर्धं कळत नव्हतं, पण आवाज चढला की सगळे उठायचे आणि उतरला की खाली बसायचे. आधी त्यांचा गोल झाला. चावडीवर मयत झाल्यासारखं झालं. मग आपला एक झाला आणि मग दुसरा. त्या दुसऱ्यावर तिथं मैदानात तक्रार चालली होती, गोल हाय की न्हाई म्हणून. शिंप्याचा म्हातारा देवाचं नाव घेऊन राहिला होता. शेवटची शिट्टी झाली, दोन-एक! आणि माणसं अशी नाचली की लिंबाखालचे आणि कट्ट्यावरचे घडीभर मिसळले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आबा पाटलांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली.

आणि थाप मारलेला हात तसाच ठेवून म्हणाले, "सख्या, चल, दवंडी दे गावात. भारत जिंकला म्हणून."

बाबांचं हसू तिथंच थांबलं. ते म्हणाले, "आबा, आनंद मला बी हाय. पर डफ मी टाकला, तुमाला ठावं हाय."

"अरे, माझ्या घरचं काम सांगून राहिलो का? देशाचं हाय. का देश तुमचा न्हाई?"

बघा कशी अडवणूक असते ती! नाही म्हणावं तर देशद्रोही, हो म्हणावं तर पुन्हा गावचा दवंडीवाला येसकर. सगळे बाबांकडं बघून राहिले. बाबा तसे कमी बोलणारे. पण त्या दिवशी शांतपणे म्हणाले, "देश माझा हाय म्हणूनच सांगतो आबा. जिंकला तर मी बी तुमच्यासारखा बसून ऐकंन. ओरडायला दुसरं कुणी बघा." आणि टोपी झटकून घराकडं निघून गेले.

मला हे ऐकू आलं होतं का? आलं होतं. कळलं होतं का? आज साठी उलटल्यावर मी स्वतःला फसवत नाही, थोडं थोडं कळलं होतं. पण मी तेरा वर्षांची होते, भारत जिंकला होता आणि ती बातमी माझ्या पोटात मावत नव्हती. फळ्यावर उद्या सकाळी लिहायची? तोवर थांबायचं? तेवढ्यात देवळे गुरुजी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सुजाता, तू सांग ना गावात. तुझा आवाज खणखणीत आहे. दवंडी कुठं, बातमीच तर आहे." कुणीतरी माझ्या हातात रॉकेलचा रिकामा डबा दिला आणि एक काठी. त्या गुरुजींचा मला आबा पाटलांपेक्षा जास्त राग आहे. पाटील जे होते ते उघड होते. गुरुजींना सगळं कळत होतं, आणि त्यांनी बापाकडून जमलं नाही ते लेकीच्या हातून गोड बोलून करून घेतलं.

मी पळाले. डबा बडवत, मारुतीच्या पारावरून, तेल्याच्या बोळातून, पाटलाच्या वाड्यासमोरून. "ऐका हो ऐकाऽऽ! हॉकीच्या विश्वचषकात भारत जिंकलाऽऽ! दोन विरुद्ध एक गोलानंऽऽ!" बाबांच्या तोंडून मी दवंडी कधीच ऐकली नव्हती, तरी ती ओळ मला येत होती, तिचा हेल येत होता. कुठून आला देव जाणे. मागं लेकरांची पलटण, दारादारांत बाया. आणि बाया हसत हसत घरात गेल्या आणि भाकरी घेऊन आल्या. मी परकराचा ओचा पसरला. वरून भाकर पडली. पुढच्या दारात आणखी एक. कुणी गुळाचा खडा टाकला, कुणी घुगऱ्या. मला वाटलं बक्षीस! खेळाडूला कप, मला भाकरी. अशी मूर्ख मी, अक्षर मोत्यासारखं आणि अक्कल शून्य.

घरी आले तेव्हा दिवस कलला होता. आई चूल पेटवून राहिली होती. मी ओचा तिच्यापुढं सोडला, नऊ भाकरी. म्हटलं, "आई, बघ, गावानं दिल्या!" आईनं फुंकणी खाली ठेवली आणि एकच विचारलं.

"हातात दिल्या का वरून टाकल्या?"

तेव्हा कळलं, सगळंच्या सगळं, एका दमात कळलं. बाबा दारात उभे होते. मला वाटलं आता मारतील, मी तर मारायचीच वाट बघत होते. ते माझ्याकडं न बघता आईला म्हणाले, "कुण्या घरची कोणती, वळखता येतंय का तुला?"

आईला यायचं. ती त्या सगळ्या अंगणांत निंदणी-खुरपणीच्या निमित्तानं उभी राहिलेली. एकेक भाकर उचलून ती सांगू लागली, "ही जाड, कडेला फुटलेली, ही पाटलीणबाईची. तिला थापायचा कंटाळा. ही पातळ, ही तेलीण जिजाकाकूची. ही करपलेली शिंप्याची..." नऊच्या नऊ ओळखल्या. बाबांनी त्या फडक्यात बांधल्या, माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, "जिथली तिथं दे. म्हण, बातमीचं काही घेत न्हाईत आमी." मी पुढं आणि ते दहा पावलं मागं, असे आम्ही निघालो.

आणि आता त्या फेरीचं सांगते, जिच्यामुळं माझ्या तळपायाची आग अजून मस्तकात जाते. कुणी भाकर परत घेईना! घेणार कशी? माझ्या ओच्यात पडलेली, माझा हात लागलेली. वरून खाली यायला भाकरीला काही अडचण नव्हती, खालून वर जायला ती बाटली होती. पाटलीणबाई पदर सावरून मागं सरकल्या, "अगं बाई, इथं कुठं आणली? टाक तिकडं कुत्र्याला." एकीनं दारच लावलं. एक म्हणाली, "माज आला का गं तुमाला? दिलं ते गोड न्हाई लागलं व्हय?" मी पढवलेलं वाक्य म्हणत गेले, "बातमीचं काही घेत न्हाईत आमी," आणि भाकर ओट्याच्या कडेला ठेवत गेले. आठ घरं अशीच. नववी जिजाकाकू. त्या म्हातारीनं माझ्या हातातून, बोटाला बोट लावून, भाकर घेतली आणि कपाळाला लावली. म्हणाली, "पोरी, मी तर आनंदानं दिली होती गं. मला काय ठावं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिच्यावर रागवावं की नाही हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही, आणि त्याचाही राग येतो.

त्या रात्रीपासून बाबा माझ्याशी बोलायचे बंद झाले. ओरडले नाहीत, टोचून बोलले नाहीत, फक्त संध्याकाळी ओट्यावर बसून विचारायचे ते विचारणं थांबलं. मी ताट वाढायची, ते जेवायचे. पाणी द्यायची, ते प्यायचे. आईला म्हणाले तेवढं मी कुडाआडून ऐकलं, "पोरीवर राग न्हाई माझा. पर एकदा दिली की रीत पडती. वीस वर्सं लागली ती मोडायला. आता बघ तू, बोलावणं येतंय का न्हाई." आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गुरुजींनी खडू माझ्या हातातून घेतला. म्हणाले, "काही दिवस तू नको लिहू. गावात कुजबुज आहे. भाकरी परत नेऊन टाकायची काय गरज होती?" म्हणजे दवंडी द्यायला लावणारे हे, आणि वर मलाच शहाणपण.

खडू गेला, कान थोडेच गेले? मी सकाळी गुरुजींच्या कुंपणामागं शेणाची पाटी घेऊन उभी राहायची आणि बातम्या ऐकायची. उन्हाळ्यात कळलं, जपानची एक बाई एव्हरेस्टवर चढली, बायकांत पहिली. तिला एक लहान लेकरू पण होतं. मी धावत येऊन आईला सांगितलं. मला वाटलं आई म्हणेल, वा! आई भाकरी थापता थापता म्हणाली, "लेकरू कुणापाशी ठेवलं असंल तिनं?" सगळ्या जगानं शिखर बघितलं, माझ्या आईनं मागं राहिलेलं लेकरू बघितलं. बाबा तिथंच होते. त्यांनी ऐकलं, पण काही विचारलं नाही.

जूनमध्ये क्रिकेटचा विश्वचषक, इंग्लंडात, पहिलाच. आपले लवकर घरी आले. वेस्ट इंडीज जिंकलं. गावात कुणी दवंडीचं नाव काढलं नाही, हरल्यावर दवंडी लागत नसते. त्याच दिवसांत देशात आणीबाणी आली आणि फळ्यावर सुविचार तेवढे वाढले. क्रीडाच्या पुढं गुरुजी नुसती आडवी रेघ ओढायचे. मार्चपासून ती रेघ तशीच. माझ्याशिवाय त्या कोपऱ्याचं कुणाला काही पडलेलं नव्हतं.

आणि जुलैत बोलावणं आलं. बाबांचं म्हणणं खरं ठरलं. आबा पाटलांचा तांबडा बैल दावं तोडून पळाला होता. सकाळी त्यांचा गडी किसन आमच्या दारात, "आबानं सांगितलंय, पोरीला धाडा दवंडीला. मार्चात दिलीच की तिनं."

देशापासून सुरू झालं होतं, चार महिन्यांत बैलावर आलं!

"न्हाई," बाबा म्हणाले.

किसन काही वाईट माणूस नव्हता. खाली बघून म्हणाला, "मंग निंदणीला वहिनीला बोलवू नका म्हणलेत. सुगीपस्तोर. कुणीच बोलवायचं न्हाई."

आईचे दिवस निंदणीवर चालायचे. पावसाळ्यात रस्त्याचं काम बंद, बाबा घरी. घरात ज्वारी किती उरली होती ते मला ठाऊक होतं, कारण कणगीत हात मीच घालायची. आई बाबांकडं बघत होती, बाबा माठाकडं. हे सगळं माझ्या एका दिवसाच्या उड्या मारण्यानं झालं होतं. मी उठले आणि म्हटलं, "मी जाते." बाबांनी माझ्याकडं बघितलं. चार महिन्यांत पहिल्यांदा सरळ बघितलं. अडवलं नाही.

पुढं मी सभांतून, भाकरींचं सोडून, एवढाच प्रसंग सांगताना म्हणायची की मी ठरवूनच गेले होते. खोटं आहे ते. मी दवंडी द्यायलाच गेले होते. आईला काम मिळावं, बस. एक बैलाची दवंडी, मग पुढचं पुढं, असं म्हणत गेले. चावडीवर आबा पाटील पान खात बसले होते. शाळा भरायची वेळ, पोरंसोरं जमलेली, शिंपी दुकान उघडून राहिला होता. तोच रॉकेलचा डबा मला दिला, तीच काठी. पाटील म्हणाले, "व्हय, अशी शहाण्यावानी वाग. बापाला बी सांग." मी डबा डाव्या हातात धरला, तोंड उघडलं, आणि समोर फळा दिसला. सुविचार: नेहमी खरे बोलावे. देश, विदेश, हवामान. क्रीडा, आणि आडवी रेघ.

त्या सकाळी मी कुंपणामागं उभी होते. विम्बल्डनच्या टेनिसमध्ये पुरुषांत पहिल्यांदाच एक काळा माणूस जिंकला होता, अमेरिकेचा, त्याच्याच देशाच्या गोऱ्याला हरवून. आधी इंग्रजी, मग हिंदी, मग मराठी, तिन्ही बातम्यांत सांगितलं होतं. तोच रेडिओ, तेच गुरुजी. त्यांनी ऐकून रेघ ओढली होती. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! ही एवढी बातमी गिळून टाकायची, आणि बैल मात्र ओरडून सांगायचा? माझ्या तोंडानं?

मी डबा खाली ठेवला. माझ्या झग्याच्या खिशात मार्चपासूनचा खडूचा तुकडा होता, तो काढला. आडवी रेघ तळहातानं पुसली आणि लिहिलं, चांगलं ठसठशीत:

क्रीडा: विम्बल्डन टेनिसमध्ये पहिल्यांदाच काळा माणूस जिंकला.

आणि खाली:

स्थानिक: आबा पाटलांचा तांबडा बैल पळाला आहे. सापडल्यास बांधून ठेवावा. ज्याला पाहिजे त्याने वाचावे.

"काय लिवलंस गं ते?" पाटील म्हणाले. ते अक्षर लावून लावून वाचणारे, चष्मा घरी. शिंप्यानं दुकानातूनच सवयीनं मोठ्यांदा वाचलं, पहिली ओळ, दुसरी ओळ, बैल, तांबडा, सगळं. शेवटचं वाक्य वाचून त्याच्या लक्षात आलं आपण काय केलं आणि त्यानं जीभ चावली. मी म्हटलं, "आबा, झाली दवंडी. शिंपीमामानं दिली." लेकरं खिदळली, दोन-चार मोठी माणसंही उपरण्याआड हसली. पाटलांनी डब्याला लाथ घातली. तो खडखडत गटारापर्यंत गेला. "लई शिकली व्हय!" एवढंच म्हणाले. मी पळाले नाही. चालत आले. पळावंसं फार वाटत होतं.

नंतरचं फार गोड नाही. आईला गावात काम मिळालं नाही, ती साखऱ्याच्या शिवारात रोज कोसभर चालत निंदायला जायला लागली, पावसापाण्याची, पोतं पांघरून. मला त्या दिवाळीनंतर हिंगोलीला मावशीकडं शिकायला धाडलं. आणि देवळे गुरुजी! दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम बघायला गेले. फळा ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसलेला. गुरुजींच्या तिरप्या अक्षरात: आबा पाटील यांचा तांबडा बैल हरवला आहे. क्रीडा, आणि आडवी रेघ. जगातली बातमी पुसली, बैल ठेवला. बैल तर आदल्या सांजेलाच आपल्या पायानं घरी आला होता, साऱ्या गावाला माहीत होतं. तरी तो आठ दिवस फळ्यावर होता. मी पुढं शिक्षिका झाले तेव्हा पहिल्या दिवशी ठरवलं होतं की काहीही होईन, हा माणूस होणार नाही. झाले नसेन अशी आशा आहे.

पण मला लिहायचंय ते फळ्यावर लिहिलं त्याच दिवशीच्या संध्याकाळचं. मी चावडीवरून आले, आईला सगळं सांगितलं, आई एकदा हसली, एकदा रडली आणि पीठ मळायला बसली. बाबा ओट्यावरच होते, सगळं ऐकत. मी त्यांना पाणी द्यायला माठाजवळ वाकले. तांब्या बुडवला. त्या जुन्या कड्यावर पाणी सांडलं आणि लाकडाचा ओला वास आला. तांब्या त्यांच्यापुढं ठेवून मी मागं फिरले, तर ते म्हणाले, "बस."

मी बसले. चार महिन्यांनी.

"मंग," ते पाणी प्याले, त्यांनी मिशी पुसली, "काय झालं आज जगात?"

मी सांगितलं. टेनिस म्हणजे काय ते आधी सांगितलं, मध्ये जाळी असते, हातात जाळीचीच बॅट असते, पांढरे कपडे घालावे लागतात. मग सांगितलं, आजवर तिथं गोरेच जिंकायचे बाबा, आणि या वर्षी एक काळा जिंकला. त्याच्याच देशातल्या गोऱ्याला हरवलं. त्याच्या लोकांना तिकडं एकेकाळी विकायचे, ढोरावानी, असं आमच्या पुस्तकात आहे. सगळं जग त्याचं नाव घेऊन राहिलं आज.

खडी फोडून फोडून बाबांच्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं होतं, ते चोळत राहिले. मग माझ्याकडं न बघता, लांब चावडीच्या बाजूला बघत त्यांनी विचारलं,

"त्याच्या गावात दवंडी कुणी दिली असंल गं?"